पिल्लू घरी येण्यापूर्वीची खरेदी

कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की बहुतेक घरांतली मंडळी आधी पाळीव प्राण्यांच्या दुकानात जातात आणि मऊ गादी, कपडे, शाम्पू, पावडर व खेळणी यांनी भरलेली पिशवी घेऊन येतात. माझ्या मते दुकानात जाण्यापूर्वी पिल्लू देणाऱ्या व्यक्तीला फोन करावा आणि तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: पिल्लाची जन्मतारीख, ते सध्या नेमके काय व दिवसातून किती वेळा खाते, आणि जंताचे औषध व लस यांपैकी काय कोणत्या तारखेला दिले आहे. बरीचशी खरेदी या तीन उत्तरांवर ठरते. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे जन्मतारीख सांगायला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबावे. रस्त्यावर सापडलेले अनाथ पिल्लू याहून लहान असू शकते. त्याच्यासाठी काय घ्यायचे ते डॉक्टरांना दाखवूनच ठरवावे.

खाण्यापासून सुरुवात करू. पहिला आठवडाभर पिल्लाला तेच अन्न द्यावे जे ते आधी खात होते, कारण आई, भावंडे आणि ओळखीची जागा एकाच दिवशी सुटलेली असताना अन्नही बदलले की जुलाब ठरलेलेच. नवे अन्न सुरू करायचे असेल तर जुन्यात थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. म्हणून सुरुवातीला लहान पाकीटच घ्यावे. मोठी पिशवी स्वस्त पडते हे खरे, परंतु कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत उघडलेली पिशवी लवकर मऊ पडते आणि तिला खवट वास येऊ लागतो. तेव्हा घट्ट झाकणाचा डबाही सोबत घ्यावा. पाकिटावर ‘पपी’ असे लिहिलेले आहे ना, आणि लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या थोराड जातीचे पिल्लू असेल तर ते अन्न मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी आहे ना, हे पाहावे. त्यात कॅल्शियमचे प्रमाण मोजून ठेवलेले असते. दुकानदार हमखास कॅल्शियमच्या सिरपची बाटली पुढे करतो, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच घेऊ नये. थोराड जातींच्या वाढत्या हाडांना जादा कॅल्शियमने अपाय होतो. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाचीही गरज नाही. दूध सोडलेल्या पिल्लांना त्यातली साखर नीट पचत नाही आणि त्यांचे पोट बिघडते.

भांडी स्टीलची, उथळ आणि रुंद घ्यावीत: एक अन्नाचे, एक पाण्याचे. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर हलके भांडे पिल्लाच्या नाकाच्या धक्क्याने खोलीभर सरकत जाते, म्हणून बुडाला रबराची कड असलेले भांडे निवडावे. हीच फरशी पिल्लाच्या पायांनाही सोयीची नसते. धावताना मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते पोटावर आपटते. जिथे त्याची ये-जा जास्त असेल तिथे न घसरणारी पायपुसणी किंवा रबरी चटया अंथराव्यात. महागड्या गादीपेक्षा हा खर्च मला कितीतरी मोलाचा वाटतो. झोपण्यासाठी जुन्या सुती साड्यांची गोधडी उत्तम. ती धुता येते, लवकर वाळते आणि कुरतडली तरी हळहळ वाटत नाही. जमल्यास एक स्वच्छ फडके पिल्लू देणाऱ्याकडे आधीच नेऊन द्यावे, ते दोन दिवस आईच्या अंथरुणात राहू द्यावे आणि येताना सोबत आणावे. पहिल्या रात्री त्या वासाने पिल्लू कमी रडते.

पिंजरा घ्यायचा असेल तर घडीचा, जाळीचा आणि मधली आडभिंत सरकवता येणारा घ्यावा. पिल्लाला त्यात उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावे, एवढीच जागा सुरुवातीला खुली ठेवावी; फार मोठ्या जागेत ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लू सहज निसटते, तेव्हा तिथे जाळी बसवण्याचे काम ते येण्यापूर्वीच उरकावे.

स्वच्छतेच्या सामानात रद्दीची वर्तमानपत्रे आणि लघवीचा वास मोडून काढणारा एन्झाइमयुक्त क्लीनर या दोन गोष्टी हव्यात. अमोनियाचा वास असलेल्या द्रवाने लघवीची जागा पुसली तर पिल्लाला तो लघवीचाच वास वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. फिनाइलची बाटली मात्र उंच कपाटात जावी, कारण पिल्लू फरशी आणि आपले पंजे सतत चाटत असते. घरात पूर्वी पार्वो या विषाणूच्या संसर्गाने एखादे पिल्लू दगावले असेल तर स्वच्छतेची बाब अधिक गंभीर आहे. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि साध्या साबणाने मरत नाही. पिल्लू आणण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने पातळ केलेल्या ब्लीचने घर स्वच्छ करावे आणि जुनी भांडी व अंथरुणे टाकून द्यावीत. फिनाइल ठेवलेल्या त्या उंच कपाटातच डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध आणि आपल्या वेदनाशामक गोळ्याही ठेवाव्यात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण हेही पिल्लाच्या तोंडी लागू नयेत.

पट्टा मान मोजून घ्यावा: साधा, सपाट, नायलॉनचा, मान आणि पट्टा यांमध्ये दोन बोटे सरकतील इतका सैल, आणि त्यावर आपला फोन नंबर कोरलेला बिल्ला. पट्टा थोड्याच आठवड्यांत तोकडा पडणार असल्याने स्वस्तातला पुरतो. साखळी नको. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्री वावरतात त्या रस्त्यावर खाली सोडू नये, परंतु घरातल्या घरात पट्ट्याची सवय करावी आणि उचलून बाहेरचे जग दाखवून आणावे.

चघळण्यासाठी तोंडात मावणार नाहीत अशा आकाराची दोन-तीन रबरी खेळणी पुरेत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागले की हिरड्या शिवशिवतात, तेव्हा ओल्या सुती फडक्याला पीळ देऊन ते फ्रीझरमध्ये गोठवून द्यावे. शिजवलेली हाडे कधीच देऊ नयेत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. जुनी चप्पलही देऊ नये. नव्या चपलेतला फरक पिल्लाला कळत नाही.

गोचिडांची पावडर, स्प्रे आणि शाम्पू दुकानातून परस्पर आणू नयेत. औषधाची निवड पिल्लाच्या वयावर आणि वजनावर ठरते, आणि अंगावर टाकलेली पावडर ते चाटून टाकते. त्याऐवजी एक डिजिटल थर्मामीटर, जवळच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि कागदपत्रांसाठी एक फाइल एवढे जमवावे. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, असे वेळापत्रक असते. मुंबई आणि पुण्यात कुत्रा पाळण्यासाठी महानगरपालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला मागितला जातो. तेव्हा प्रत्येक लशीचे लेबल पुस्तिकेत चिकटवले आहे आणि त्यावर डॉक्टरांची सही व शिक्का आहे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.