पाण्या-वाऱ्याचे प्रयोग: या चुका टाळा

तीन भोकांच्या बाटलीचा प्रयोग उन्हाळी शिबिरांत हमखास होतो आणि बऱ्याचदा चुकतो. वेगवेगळ्या उंचीवर तीन भोकं पाडलेली, पाण्याने भरलेली बाटली टेबलावर ठेवायची, भोकांवरची चिकटपट्टी ओढायची आणि सांगून टाकायचं, "बघा, खालची धार सगळ्यात लांब!" एका शिबिरात पाचवीतली मुलगी म्हणाली, "सर, मधली लांब गेली." सरांनी तिला वहीत 'खालची' असंच लिहायला लावलं, कारण पुस्तकातल्या चित्रात तसं होतं. मला त्याचा अजून राग येतो. मुलीने बरोबर पाहिलं होतं.

खालच्या भोकातून पाणी सगळ्यात जोरात सुटतं, हे खरंच. पण टेबल लगेच आडवं येतं, धारेला पुढे जायला वेळच मिळत नाही. पाण्याची उंची 20 सेंमी असेल तर 10 सेंमीवरची धार सगळ्यात लांब पडते. 5 आणि 15 सेंमीवरच्या साधारण एकाच जागी. हीच बाटली स्टुलाच्या कडेला ठेवून धारा जमिनीवर पडू द्या, मग खालची जिंकते. दोन्ही करा आणि मुलांच्या हातात पट्टी द्या. उत्तर आधी सांगायची घाई करू नका.

भोकं तापवलेल्या दाभणाने, तीही मोठ्या माणसानेच पाडावीत. कात्रीने फाटकी भोकं पडतात आणि धार फिसकटते. भोकं एकाखाली एक नकोत, थोडी तिरकी घ्या. झाकण उघडं ठेवा. खाली परात ठेवा. मे महिन्यात ते पाणी झाडांनाच गेलं पाहिजे.

भिरभिरं फिरत नसेल तर टाचणी घट्ट बसली आहे. कागद आणि काडीच्या मध्ये एक मणी घाला.

वातकुक्कुटाच्या, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या साधनाच्या, बाणाचं टोक आणि शेपूट सारख्या आकाराचं कापू नका. शेपूट मोठं हवं, तरच टोक वारा येतो त्या दिशेला वळतं. आणि तो गॅलरीत लावू नका, भिंतीपाशी वारा गरगरतो. मी गच्चीवरच नेते, जिना चढायचा कंटाळा करणाऱ्यांनाही.

पर्जन्यमापकाला तळाशी खड्डे असलेली शीतपेयाची बाटली चालते, पण उभ्या भिंतीचा भाग सुरू होतो तिथपर्यंत खडे आणि पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, तर त्याचं वर येणारं तोंड बाटलीइतकंच रुंद हवं. घरातलं मोठं नरसाळं ठेवलंत, तर मिलिमीटरचे आकडे फुगतात.