ससून डॉक ते बॅलार्ड इस्टेट: मुंबईच्या बंदरावरून पंधरा जणांना पायी कसं न्यावं

मुंबईचं जुनं बंदर दाखवताना इमारतींची यादी वाचू नका. समुद्र कुठवर होता, त्याला कुठवर मागे सारलं आणि भरावाची माती कुठून आली, हे लोकांना उभ्या जागी दाखवा. ससून डॉक, गेटवे, लायन गेट, बॅलार्ड इस्टेट हा साधारण चार किलोमीटरचा रस्ता थांबत-थांबत साडेतीन तासांत होतो.

तारीख ठरवताना पंचांग काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. गेटवेला नेमकं त्याच वेळी पोहोचायचं आहे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघून घ्या. तृतीया रविवारी आली तर उत्तम, कारण कचेऱ्यांचं बॅलार्ड इस्टेट तेव्हा रिकामं मिळतं. जून-जुलै टाळा, यांत्रिक मासेमारी बंद असते आणि डॉक सुनं पडतं.

पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. ससून डॉकच्या घड्याळाच्या दरवाज्यापाशी सव्वासहाला जमा आणि इतिहास तिथेच, आत शिरण्याआधी सांगा: अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये हे डॉक बांधलं, तेव्हा इथला माल कापूस होता, मासळी नव्हे. आत लिलावाच्या आवाजात तुमचं कुणाला ऐकू येणार नाही. बोटाने खूण करा, पुढे चला.

आत पकड असलेले बंद बूट हवेत. जमिनीवर बर्फाचं आणि मासळीचं पाणी सतत वाहतं. चप्पल घालून आलेला माणूस घसरतोच. एका ओळीत, भिंतीच्या कडेने चाला. हातगाडी भरलेली असते आणि ओल्या उतारावर ती थांबवता येत नाही, त्यामुळे वाट तुम्हीच सोडायची. कॅमेऱ्यासाठी बंदर प्राधिकरणाची परवानगी आधीच काढा, आणि कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय नकोत. त्या कामावर आहेत. सगळ्यात जास्त वेळ बर्फापाशी द्या: लाद्या यंत्रात भरडल्या जातात आणि चुरा घसरणीवरून थेट बोटीच्या खणात पडतो. बोट किती दिवस समुद्रात राहणार, हे त्या बर्फावर ठरतं. पाऊण तास झाला की बाहेर. चहा कुलाब्यात प्या.

गेटवेला सुरक्षा तपासणी असते, मोठ्या पिशव्या नकोत. सगळे कमानीकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही गटाला समुद्राच्या कठड्याशी न्या. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. शेवाळाची रेघ दाखवा, पाणी किती चढतं ते न सांगता कळतं. त्या पायऱ्यांवर मात्र कुणालाही उतरू देऊ नका. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हती. आधी भराव झाला, मग बांधकाम, आणि १९२४ मध्ये ती खुली झाली.

पुढे लायन गेट. आत नौदलाची गोदी आहे, फोटो वर्ज्य, दरवाज्यासमोर घोळका करणंही टाळा. पलीकडच्या फुटपाथवरून चालता-चालता सांगा: सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी वाडिया यांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे.

एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसू द्या. इथवर पाय दुखायला लागलेले असतात. मग बॅलार्ड इस्टेट.

इथे घाई करू नका. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचं इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती इथे टाकली आणि त्या भरावावर १९१४ ते १९१८ दरम्यान हा भाग उभा राहिला. एका चौकात थांबून सगळ्यांना छपरांची रेषा बघायला सांगा. उंची जवळजवळ सारखी, दगडकाम एका घाटाचं, कारण आराखडा एकाच हाताचा: गेटवेचा वास्तुकार जॉर्ज विटेट याचा.

कुणाला अजून दम असेल तर भाऊच्या धक्क्याला टॅक्सीने पाठवा. पी. डिमेलो रोडवर ट्रकांची रांग असते, गट घेऊन तिथे चालणं धोक्याचं आहे. धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँच मिळते, आणि सकाळभर पाहिलेला किनारा पाण्यातून बघता येतो.