आमवात आणि पडण्याची भीती : सुरुवात बाजेपासून

आमवाताचा माणूस एकदा न्हाणीत घसरला की अंगणात जायलाही भितो. मग चालणं कमी होतं, मांड्यांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका खरंच वाढतो. म्हणून ‘बसून राहा’ हा घरच्यांचा मायेचा सल्ला मोडा.

पहिलं काम बाजेवर. सकाळी आखडलेले सांधे मोकळे व्हायला तासभरही लागतो. पडल्यापडल्या घोटे वीसेक वेळा हलवा, गुडघे वाकवा-सोडा, मग काठावर दोन मिनिटं बसा. बीपीची गोळी चालू असेल तर हे बसणं टाळू नका, उठताना घेरी येते. बाजेला झोळ आला असेल तर दोरी ताठ करून घ्या. खोल बाजेवरून उठताना सगळा जोर मनगटांवर येतो.

मग न्हाणी. दीड इंची जीआय पाइप कोपराच्या उंचीवर आडवा बसवा, म्हणजे बोटांनी पकडता आलं नाही तरी हात टेकवता येतो. मातीच्या भिंतीत तो ठोकू नका, वजनानं उपटतो. दोन खांब जमिनीत गाडून त्यांवर बसवा. फरशीवर पोतं नको, ते पायासकट सरकतं. शेवाळ दर आठवड्याला घासा.

पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटते आणि तळ गुळगुळीत होतो. संडासापर्यंतच्या वाटेवर मुरूम टाका. चप्पल पुढून रुंद, मागे पट्टा असलेली. रात्रीसाठी उशाशी चार्जिंगची बॅटरी. लाइन कधी जाईल याचा नेम नाही.

काठी मनगटाच्या रेषेइतकी उंच, खाली रबर, मुठीवर कापड गुंडाळून जाड केलेली. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. पुष्कळ जण उलट धरतात.

दुपारी अंग मोकळं झालं की खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, हळूहळू दहापर्यंत न्या. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी नको.

स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. गोळ्या मात्र मनानं एकदम बंद करू नका.

पडलातच तर घाईनं उठू नका. कुशीवर वळा, कोपरांवर भार देत बाजेपर्यंत सरका. घरच्यांनी हात धरून ओढू नये. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटले तर जागचं हलवू नका, १०८ ला फोन करा. आमवातात मानेचे मणकेही सैल झालेले असू शकतात.