गावच्या ग्रुपवर कोणी काय लिहायचं? व्हॉट्सॲपच्या परवानग्या अशा लावा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की शेतकरी उत्पादक कंपनीचा ग्रुप दिवसभर वाजत राहतो. मोंढ्यातला आजचा भाव येतो, कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो येतो, 'डीपी जळाली, लाईनमनचा नंबर द्या' येतं. या सगळ्याच्या खाली कुठंतरी 'उद्या वजनकाटा बंद राहील' ही कंपनीची सूचना गाडली जाते. ती न वाचलेला सभासद दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून गोदामाच्या दारात. मग कंपनीतलं कोणीतरी वैतागून ग्रुपला कुलूप लावतं: आता फक्त ॲडमिन लिहिणार. थोड्याच दिवसांत सभासद आपला वेगळा ग्रुप काढतात, चर्चा तिकडं जाते आणि कंपनीचा ग्रुप मुका होऊन बसतो.

कुलूप लावण्यात चूक नाही, पण बोलणाऱ्याला आधी दुसरी जागा द्यायला हवी. खाली जी मांडणी सांगतो ती लातूर-धाराशिवकडच्या शेतकरी कंपनीला धरून आहे. जायकवाडीच्या कालव्यावरच्या पाणीवापर संस्थेला किंवा बचत गटांच्या ग्रामसंघालाही ती नावं बदलून चालेल.

आधी कागद, मग मोबाईल

सेटिंग्ज उघडण्याआधी ग्रुपवरचे गेल्या आठवड्याचे मेसेज वर सरकवत जा आणि एका कागदावर त्यांचे ढीग पाडा. प्रश्न एकच विचारायचा: हा मेसेज चुकीचा निघाला तर नुकसान कोणाचं?

उदाहरण घ्या. हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत लागतो. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. तो जुना मेसेज तारीख न पाहता कोणी पुढच्या हंगामात ढकलला, तर माणूस ओला माल घेऊन केंद्रावर जातो आणि भाड्याचे पैसे घालून तसाच परत येतो. म्हणजे खरेदीची नोंदणी, ओलावा, भाव, पैसे कधी जमा होणार, बियाणं कधी वाटणार, हे सगळं मोजक्या हातांतूनच गेलं पाहिजे.

याच्या उलट 'पानं पिवळी पडली, हे काय?' असा फोटो. इथं जितके जास्त लोक बोलतील तितकं बरं. एकाला तो येलो मोझॅक हा विषाणूचा रोग वाटेल, दुसरा चुनखडीची जमीन आहे का विचारेल, तिसरा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला टाकेल. असं बोलणं बंद केलं तर ग्रुप ठेवायचाच कशाला?

उरलेला ढीग शुभेच्छा, श्रद्धांजली, सप्त्याचं आमंत्रण आणि राजकारण यांचा. त्याला नाकं मुरडू नयेत. गावाला तेही लागतं, फक्त वेगळ्या जागी.

व्हॉट्सॲपची एक अडचण

व्हॉट्सॲपमध्ये माणूस एक तर ॲडमिन असतो, नाहीतर साधा सभासद. 'गोदामाच्या माणसाला फक्त लिहू द्या, कुणाला काढू देऊ नका' अशी मधली पायरी तिथं नाही. लिहिण्यासाठी त्याला ॲडमिन केलं की लोकांना ग्रुपमधून काढण्याचा अधिकारही त्याच्या हाती जातो. त्यामुळं माणसागणिक परवानगी देण्याच्या भानगडीत न पडता कामागणिक ग्रुप करायचे आणि ज्याचं जे काम त्याला त्या ग्रुपात बसवायचं. हे सगळे ग्रुप एका छताखाली आणण्यासाठी 'कम्युनिटी' आहे. ही सोय २०२२ पासून आहे, तरी गावाकडं अजून कमीच वापरली जाते.

कम्युनिटी उभी करणं

जमलं तर कंपनीच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या आणि कम्युनिटी त्याच नंबरवरून काढा. का, ते शेवटी येईल.

'नवीन कम्युनिटी' निवडा, नाव द्या, आणि वर्णनात दोन ओळींत लिहा की इथं कुठल्या ग्रुपवर काय टाकायचं. कम्युनिटी तयार होताच सूचनांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो. त्यात फक्त कम्युनिटीचे ॲडमिन मेसेज टाकू शकतात, बाकीचे वाचतात आणि अंगठा दाखवतात. भाव, नोंदणी, काटा बंद-चालू हे सगळं इथं. कोणताही सभासद खालच्या कुठल्याही ग्रुपात आला की तो या सूचना ग्रुपातही आपोआप येतो, म्हणून यादी दोनदा भरावी लागत नाही.

मग 'ग्रुप जोडा' मधून बाकीचे जोडा. जुना ग्रुप मोडायची गरज नाही. तुम्ही त्याचे ॲडमिन असाल तर तो जसाच्या तसा आत घेता येतो. मी साधारण असे ग्रुप सुचवेन: 'पीक सल्ला' सगळ्यांना खुला, 'गावगप्पा' सगळ्यांना खुला, आणि 'कामकाज' फक्त संचालक, गोदामाचा माणूस व हिशेब ठेवणारा यांचा. उत्पादक कंपनीत संचालक ५ ते १५ असतात, म्हणजे हा ग्रुप लहानच राहतो. गोदामवाला रोजचा भाव 'कामकाज'वर टाकेल आणि ठरलेला एकजण तो सूचनांमध्ये नेईल. या एका टप्प्यामुळं दहा मिनिटं उशीर होतो, पण 'भाव चुकून जुना टाकला' हा रोजचा घोळ तिथंच अडतो.

यापेक्षा जास्त ग्रुप करू नका. गावागणिक, पिकागणिक, बचत गटागणिक ग्रुप काढायचा मोह होतो. मग कोणता मेसेज कुठं टाकायचा हे कोणालाच आठवत नाही.

प्रत्येक ग्रुपच्या परवानग्या

ग्रुप उघडा, वरच्या नावावर टॅप करा, खाली सरकून 'ग्रुपच्या परवानग्या' उघडा. ॲपच्या आवृत्तीनुसार शब्द थोडे वेगळे दिसतील. तिथं सभासदांना काय करता येईल याची बटणं आहेत: ग्रुपची माहिती बदलणं, मेसेज पाठवणं, नवीन माणूस जोडणं.

माहिती बदलणं सगळीकडं बंद ठेवा, नाहीतर पोळ्याला ग्रुपचा फोटो कुणाच्या तरी बैलजोडीचा होतो. (छान दिसतो, पण दुसऱ्याची जोडी राहिली म्हणून रुसवा होतो.) मेसेज पाठवणं 'पीक सल्ला' आणि 'गावगप्पा'त चालू. नवीन माणूस जोडणं बंद. शिवाय ॲडमिनच्या मंजुरीशिवाय कोणी आत येऊ नये, हे बटणही चालू करा. ग्रुपची लिंक एकदा बाहेर पडली की खताच्या एजंटापासून कर्ज देणाऱ्या बनावट ॲपपर्यंत सगळे येतात. कम्युनिटीच्या सेटिंग्जमध्ये नवीन ग्रुप कोण जोडू शकतो हेही विचारलेलं असतं. तिथं फक्त ॲडमिन ठेवा.

महिला सभासद असतील तर एक गोष्ट त्यांना आधीच सांगा. सूचनांच्या ग्रुपात साध्या सभासदाचा नंबर इतर अनोळखी सभासदांना दिसत नाही, पण 'पीक सल्ला'सारख्या आतल्या ग्रुपात तो सगळ्यांना दिसतो. एखाद्या ताईला नंबर पसरायला नको असेल तर तिला फक्त सूचनांमध्ये राहू द्या. तिचा प्रश्न बचत गटाच्या सीआरपीमार्फत (म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीमार्फत) आला तरी चालतो.

बटण दाबण्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर सांगून ठेवा. परवानगी बदलली की कोणी बदलली याची ओळ ग्रुपात सगळ्यांना दिसते, आणि न सांगता केलं तर चहाच्या टपरीवर त्या ओळीचा वेगळाच अर्थ लागतो. सगळं लावून झाल्यावर ॲडमिन नसलेल्या एखाद्याचा फोन हातात घेऊन बघा: सूचनांमध्ये लिहिता येतंय का, नाव बदलता येतंय का, माणूस जोडता येतोय का. स्वतःच्या फोनवर तुम्हाला सगळंच करता येतं, त्यामुळं तिथं तपासण्यात अर्थ नाही.

लावल्यानंतर

चुकीच्या जागी पडलेला मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी काढता येतो. पण लगेच काढू नका. 'तात्या, हे गावगप्पांवर टाका' एवढं सांगितलं तरी बहुतेक वेळा भागतं. भावाचा आकडा चुकला तर ज्याने टाकला त्याला १५ मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर दुरुस्तीचा नवा मेसेज टाकावा आणि जुना काढावा, कारण लोक पहिला दिसलेला आकडाच घेऊन निघतात.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत 'गावगप्पा' तापतो. तेवढे दिवस तिथंही 'फक्त ॲडमिन' करून ठेवायला हरकत नाही, पण कधी उघडणार ती तारीख आधी सांगा आणि पाळा. दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजबद्दल आपल्यावर गुन्हा होईल अशी भीती ॲडमिन लोकांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत नसेल तर सभासदाच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तरी घाण मेसेज दिसला की काढावाच.

याहून बारीक परवानग्या हव्या असतील तर टेलिग्राममध्ये त्या आहेत. तिथं मजकूर चालू ठेवून फोटो, व्हिडिओ, स्टिकर बंद करता येतात, एखाद्याच माणसाचं लिहिणं थांबवता येतं, आणि दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ जाऊ देण्याची सक्तीही करता येते. पण सभासदांच्या फोनमध्ये ते ॲपच नसेल तर या सोयींचा उपयोग शून्य.

आता सिमकार्डाचं. संचालक मंडळ बदललं की ॲडमिनही बदलावे लागतात. नवे ॲडमिन आधी करा, जुन्यांना नंतर उतरवा. ग्रुपमधले सगळे ॲडमिन बाहेर पडले तर व्हॉट्सॲप कोणत्याही एका सभासदाला ॲडमिन करून टाकतं, तो कोण असेल ते आपल्या हातात नाही. म्हणून कायम किमान तिघं ठेवा आणि त्यातला एक कंपनीचा नंबर असू द्या. त्या नंबरला दोन टप्प्यांची पडताळणी लावून तिचा सहा अंकी पिन कंपनीच्या कपाटातल्या बंद पाकिटात ठेवा, म्हणजे फोन सांभाळणारा बदलला तरी कम्युनिटी कंपनीकडंच राहते.