गोष्टीसाठी ग्रहमाला रचताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की नवीन मुलं विज्ञानकथा वाचायला पाठवतात आणि दर वर्षी तोच घोळ, आधी हिरो, मग यान, मग युद्ध आणि तारा सगळ्यात शेवटी, ग्रहमाला आपोआप बनवून देणाऱ्या कुठल्यातरी ऑनलाइन जनरेटरमधून उचललेला. अरे तारा आधी ठरवा ना, वर्ष, दिवस, ऊन सगळं त्याच्यावरच आहे.

सगळ्यात जास्त चुकतो तो लाल खुजा तारा (रेड ड्वार्फ, सूर्याहून लहान आणि थंड). माझी पहिली गोष्ट त्यावरच आपटली. लाल तारा, ३६० दिवसांचं वर्ष आणि शेवटी नायिका समुद्रावर सूर्यास्त बघत बसलेली, तो सीन मला वरळी सी फेसवर सुचलेला. गोष्ट छापून आल्यावर दादरला एका कार्यक्रमात एक रिटायर्ड सर भेटले, त्यांनी अंकाच्या मागच्या पानावरच गणित मांडून दाखवलं की हा ग्रह गोठलेला असणार. असा तारा मंद असतो, ऊब हवी तर ग्रह अगदी खेटून पाहिजे आणि खेटून म्हणजे वर्ष छोटं. ट्रॅपिस्ट-१ हा असाच लाल खुजा तारा घ्या, ४० प्रकाशवर्षांवर, ७ ग्रह, त्यातला पाण्याला सोयीचा मानलेला ई ग्रह ६ दिवसांत फेरी मारतो. वर इतक्या जवळ ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहायची शक्यता खूप, जशी चंद्राची आपल्याकडे, म्हणजे सूर्य मावळणारच नाही. माझा अख्खा शेवट गेला.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर केप्लरचा तिसरा नियम. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरून ग्रहाच्या अंतराचा घन, त्याला ताऱ्याच्या वस्तुमानाने भागा (सूर्य १), वर्गमूळ काढा, ग्रहाचं वर्ष मिळालं, पृथ्वीच्या वर्षांत, ३६५ ने गुणलं की दिवस. ताऱ्याचं वस्तुमान अर्धा सूर्य, अंतर ०.२, तर ४६ दिवस. हाताने करा. जनरेटरचा आकडा डोक्यात राहत नाही आणि चाळिसाव्या पानावर तुम्हीच तो मोडता.

व्याधासारख्या झगझगीत ताऱ्याभोवती प्राचीन संस्कृती नको, व्याध जेमतेम २५ कोटी वर्षांचा आहे, पृथ्वी त्या वयाची होती तेव्हा इथे साधा मासाही नव्हता.

आकाशात तीन मोठे चंद्र टांगलेत तर भरतीचा विचार करा, आपल्याकडे मुंबईत एकाच चंद्रावर साडेचार मीटरची भरती येते आणि तेव्हाच पाऊस लागला की दादरचं सखल हिंदमाता तुंबतं.

अख्खा ग्रह वाळवंट? कोकणात धो धो आणि घाट ओलांडला की माणदेशात टँकर, हे एकाच राज्यात, मग अख्ख्या ग्रहावर एकच हवामान कसं?

लघुग्रहांच्या पट्ट्यात यान वेडंवाकडं पळवू नका, तिथे बहुतेक मोकळी जागाच आहे, नासाचं पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये सरळ पार झालं.

यंदा पाठवाल तेव्हा गोष्टीच्या वर ताऱ्याचं वस्तुमान, ग्रहाचं अंतर आणि वर्षाचे दिवस लिहा, मी आधी तेच वाचतो.