पावसाळी सड्यावरच्या इंटर्नशिपला निघण्यापूर्वी

जुलै ते सप्टेंबर या काळात सातारा जिल्ह्यातील कास, चाळकेवाडी किंवा कोकणातील जांभ्या सड्यांवर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारांवर, वनस्पती परिस्थितिकीच्या इंटर्नशिपला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. रेनकोट, पॉवर बँक, कोरडे कपडे, ओळखपत्र या वस्तू कोणालाही सुचतात. छत्री मात्र नेऊ नये; सड्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि एक हात विनाकारण अडकून राहतो.

पहिले काम परवानगीचे. कास पठार हे २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे आणि तेथे तिकीट काढून फुले पाहणे व रोपे गोळा करणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा करायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि कोयना, राधानगरी यांसारख्या अभयारण्यांत काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. पत्रात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव असावे. कोकणातील अनेक सडे खासगी मालकीचे आहेत. तेथे मालकाला आधी भेटावे. हे सर्व पावसाच्या पुष्कळ आधी सुरू करावे, कारण फुले कागदपत्रांसाठी थांबत नाहीत.

आता क्रमांकाविषयी, ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले. प्रत्येक नमुन्याला, तो जमिनीतून काढताक्षणीच, शिसपेन्सिलीने क्रमांक लिहिलेला दोऱ्याचा टॅग बांधावा. तोच क्रमांक वहीत आणि तोच क्रमांक क्वाड्रॅटच्या, म्हणजे रोपे मोजण्यासाठी जमिनीवर ठेवलेल्या चौकटीच्या, तक्त्यात लिहावा. मुक्कामी पोहोचल्यावर नव्हे, चहाच्या वेळी नव्हे, तिथेच. मागील हंगामात आमच्या गटाकडून नेमके हेच राहिले, आणि भरलेले तक्ते व वाळलेली रोपे दोन्ही हातात असूनही त्यांचा परस्परांशी संबंध लावता आला नाही. एक मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत गेंदाच्या, म्हणजे एरिओकॉलॉनच्या, दोन-तीन प्रजाती शेजारी शेजारी असू शकतात. वरून पाहताना सगळ्यांचीच पांढरी, गुंडीसारखी डोकी दिसतात आणि खरा फरक भिंगाखाली फुलांच्या भागांत व बियांत सापडतो. त्यामुळे जागेवर आपण तक्त्यात ‘गेंद अ’, ‘गेंद ब’ असेच लिहितो, आणि त्या ‘अ’चे नाव पुढे कधी ठरणार असेल तर ते केवळ टॅगवरच्या क्रमांकामुळे. टॅग नसेल, तर त्या चौकटीतील मोजणीला अर्थ राहत नाही.

पेन्सिलच का, हे पुन्हा विचारू नये. बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही, जेलपेनची शाई पावसात वाहून जाते आणि मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. प्रत्येकाच्या खिशात दोन पेन्सिली, आणि टॅग घरीच दोरे ओवून तयार ठेवलेले असावेत, कारण गारठलेल्या बोटांनी दोरा ओवता येत नाही.

क्रमांकासोबत वहीत फुलाचा रंग, डबक्यातील पाण्याची खोली आणि मातीचा थर लिहावा. सीतेच्या आसवांचा जांभळा रंग वाळल्यावर राहत नाही, तेरड्याच्या पाकळ्या तर कागदाला चिकटून ओळखू येईनाशा होतात; म्हणून तेरड्याचे एखादे फूल सुटे करून, उलगडून वेगळे दाबावे. त्या सुट्या फुलाच्या कागदावरही तोच क्रमांक लिहावा. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतीचा कंद खणू नये. छायाचित्र घ्यावे आणि छायाचित्राचा क्रमांक नोंदवावा.

चौकट पीव्हीसी नळ्यांची, सुटी करता येणारी न्यावी. जांभ्यात खुंट्या ठोकता येत नाहीत. चालताना उघड्या खडकावर पाय ठेवावा, कारण मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो आणि तुडवलेला भाग त्या वर्षापुरता संपतो. खडकावर शेवाळ असते, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. कोकणात जांभ्याच्या फटींमध्ये फुरसे असते. दगड हाताने उलटू नये, आणि सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

वाळवण्यासाठी वर्तमानपत्रांची रद्दी वाटते त्याच्या दुप्पट न्यावी आणि कागद रोज बदलावेत, अन्यथा बुरशी येते. वीज नसेल तर नमुने वर्तमानपत्रात गुंडाळून, अल्कोहोल शिंपडून जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवावेत. कागद बदलताना टॅग निसटतात, म्हणून क्रमांक वर्तमानपत्राच्या कडेवरही लिहावा, अर्थातच पेन्सिलीने.

रोज रात्री वहीच्या पानांची छायाचित्रे काढावीत. नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत. परतल्यावर त्याच आठवड्यात नोंदी संगणकावर चढवाव्यात, नमुने हर्बेरियमकडे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाकडे, द्यावेत, अहवालाची प्रत वनविभागाला पाठवावी. हर्बेरियम शीटच्या लेबलावर जो संकलन क्रमांक जाईल तो वहीतलाच असावा. नवा क्रम लावू नये.