मुलांसाठी फँटसी पुस्तक घ्यायचंय आणि घरात दोन मतं आहेत? असं करा

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात गेलात की एकदम अख्खा सेट उचलू नका, पहिला भाग घ्या आणि आधी स्वतः ३० पानं वाचा. कारण वाद बहुतेक वेळा आपण ते कोणत्या वयात वाचलं यावरून असतो, दहाव्या वर्षी वाचलेलं जन्मभर डोक्यात राहतं आणि तिशीत पहिल्यांदा हातात घेतलं की तेच बाळबोध वाटतं, दोघंही खरंच बोलत असतात.

मग बघा नक्की खटकतंय काय. सी. एस. लुईसच्या नार्निया या फँटसी मालिकेचे ७ भाग १९५० ते १९५६ मध्ये आले, त्यात ख्रिस्ती रूपक आहे, मोठ्यांना कधी ते प्रवचन वाटतं, पोरांना मात्र कपाटातून थेट बर्फाळ जादुई जगात जाणं दिसतं. हॅरी पॉटरवर अमेरिकेत जादूटोण्यावरून तक्रारी झाल्या, मला हे अजिबात पटत नाही, राक्षस-चेटकिणीच्या गोष्टी आपणही सांगतोच की! पण चौथ्या भागापासून पुस्तकं जाड आणि गडद होतात, मृत्यू येतात, तिथे लहान मूल असेल तर सोबत बसून वाचा.

मराठी अनुवाद घेताना एक पान मोठ्याने वाचा, जीभ अडखळली तर पोरगं कंटाळणारच. आणि नाही आवडलं तर अर्धवट सोडू द्या प्लीज.